गोविंदाभाऊचा जावई आन् पहिली रांग

वडशात होती एक नाझिया, माही नात. होती तिची दादी, म्हणजे मी. आन् होता नाटक मंडळीचा मालक गोविंदाभाऊ, जो संशयापायी चहाही आधी दुसऱ्याले पाजून मंग पेत होता.

नाझियानं नाटकाची तिकिटं मोबाईलवर विकाचं काम मांडलं. भाऊ पहिलंच गिऱ्हाईक. थो गेला असता तं तिचं दुकान उठलंच होतं.

भाऊ म्हणे, "मशीनीत चोरवाट ठेवून पहिली रांग कोणाले देशीन तं?"

"भाऊ, तिकिटं ज्या मशीनीइवर चालते, त्या एकेका सर्व्हरच्या आतलं कोणालेच बदलता येत नाई. मलेही नाई. बिघडला तं दुरुस्त नाई करत, काढून तसाच नवा उभा करतो."

"सोताच्याच मशीनले हात लावता येत नाई? काऊन खोटं बोलून राह्यली, पोरी?"

मलेही वाटलं, पोरगी काईतरी लपवून राह्यली.

दुसऱ्या दिवशी भाऊ कॉम्प्युटर शिकलेल्या जावयाले घेऊन आला. नाझियानं त्याले सगळे पासवर्ड देल्ले. भाऊ म्हणे, "कर चोरी!" पहिली रांग आपल्यासाठी अडवाले त्यानं आपला प्रोग्राम आत टाकून पाह्यला, मशीननं घेतलाच नाई. रागानं एक सर्व्हर बंद पाडला, तं बाकीच्याइनं काम उचललं आन् पडलेल्याच्या जागी तसाच नवा उभा राह्यला.

"मामाजी, इथी काईच जमत नाई," जावई घाम पुसत म्हणे.

मी म्हटलं, गेलं गिऱ्हाईक.

भाऊनं जावयाले खालून वर पाह्यलं. "पोरी, यानं सोताच्या लग्नात माह्या मांडवातले पंखे इकले. यालेही जिथी चोरी जमली नाई, थेच मशीन मले पाह्यजे!"

त्या हिवाळ्याची त्याच्या सगळ्या नाटकाइची तिकिटं नाझियाले विकाले भेटली, आन् भाऊचा भरोसा बसला म्हणून वडशातल्या बाकी मंडळ्याही तिच्याच दारात आल्या.