लुनिसचं भाषण

हम्मूश : शेवटचं पान काढून टाक, तसादित. बाकी एका अक्षराला मी हात लावत नाही.

तसादित : सर, ते शेवटचं पान म्हणजेच माझं भाषण आहे.

हम्मूश : अगं, आत रोमहून, व्हिएन्नाहून माणसं येऊन बसलीत. संगणनशास्त्राची परिषद आपल्या या बिजाया शहरात भरावी म्हणून मी किती जणांच्या दाढ्या धरल्या, तुला माहितीये. तुझं भाषण संपलं, की लुनिसच्या नावाचा पुरस्कार जाहीर व्हायचाय. आणि तू उभी राहून सांगणार, की त्याची सिद्धता चुकलीय?

तसादित : चुकलीच आहे.

हम्मूश : निबंध तपासणाऱ्या परीक्षकांना चूक दिसली नाही. त्याचा गुरू मी, मलाही दिसली नाही.

तसादित : कारण त्या जागी त्यानं लिहिलंय, 'इथून पुढचं उघड आहे.' लुनिसनं उघड म्हटलं, की आपण सगळे माना डोलवायचो. मी सात बिंदूंचं एक साधं जाळं घेऊन बघितलं. तिसरी पायरी तिथेच ढासळते.

हम्मूश : आणि सिद्धान्त?

तसादित : सिद्धान्त खराही असेल. पण तिथवर जायची वाट मोडलीय.

हम्मूश : मग पुढच्या वर्षी सांग. शांतपणे, एखाद्या टिपणात. मेलेल्या माणसाला भर सभेत खोटं पाडायचं? तो उत्तर द्यायला येणार आहे का?

तसादित : काल सभागृह रिकामं होतं. फळ्यावर आकृती काढत होते, तर मागे खडू वाजला. टक टक, मग थांबून एकदा टक, लुनिस विचार करताना वाजवायचा तसा. वळून बघितलं, कोणी नाही.

हम्मूश : खिडकीची कडी हलली असेल.

तसादित : असेल. पण तुमचा चेहरा का उतरला, सर?

हम्मूश : विभागातली त्याची खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. नवीन पोरं जागा मागतात, मी काहीतरी सबब सांगतो. का, ते विचारू नकोस. त्या दारावरून जाताना मी पावलं भरभर टाकतो, एवढं खरं.

(लुनिसची आई वर्दिया केव्हाची दारात उभी आहे. सगळे तिला खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणतात.)

वर्दिया : मास्तर, माझ्या पोरानं काय चुकवलं?

हम्मूश : खाल्ती! या, या. काही नाही, आमचं आपलं कामाचं चाललंय. कॉफी घेतलीत का? चला, पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय.

वर्दिया : कॉफी नको. मी हिला विचारते. बोल पोरी.

तसादित : खाल्ती, लुनिसनं एक गोष्ट पक्की करून दाखवली होती. एक कोडं असं आहे, की कितीही हुशार यंत्र आणा, ते झटपट सुटायचं नाही. सगळ्यांनी वाहवा केली. पण त्याच्या मांडणीत मध्ये एक पायरीच नाही. ते मी आज सांगणार आहे.

हम्मूश : सांगणार नाहीये. आम्ही तेच बोलत होतो.

वर्दिया : त्याला माहीत होतं?

तसादित : हो. त्यानंच मला फोन करून सांगितलं होतं. दलिसच्या बंदरावरून.

वर्दिया : दलिसवरून? बोटीत बसायच्या आधी?

तसादित : बोटीचं बोलला नाही. मला वाटलं, समुद्रापलीकडे जायचा व्हिसा शेवटी मिळाला. म्हणाला, 'मी जिथे उघड लिहिलं तिथेच खड्डा आहे. त्यावर काम केलेले मार्सेयचे ते म्हातारे प्राध्यापक एकटेच आहेत, आणि त्यांच्या तब्येतीचं आता काही खरं नाही. समोर बसून विचारायला हवं.' तुम्हाला हे सांगायला मी घरी आले होते, खाल्ती.

वर्दिया : मी दार लावून घेतलं. जो येई तो रडायलाच येई, आणि मला कुणाचं रडणं नको होतं. बोट बुडाली, समुद्रानं दुसऱ्यांची पोरं किनाऱ्याला आणून टाकली. मला तीनदा बोलावलं ओळख पटवायला. तीनदा गेले. माझा नव्हता.

हम्मूश : खाल्ती, आज नको हे...

वर्दिया : आजच. मास्तर, सगळं गाव म्हणतं, वर्दियाचा पोरगा पळाला. असे चोरून बोटीनं जाणारे कायमचेच जातात, आईबापाला टाकून. मीही तेच धरून बसले. तो मला घरात दिसतो, माहितीये? चुलीपाशी, अंगणात. नेहमी पाठमोरा. हाक मारली तरी वळत नाही. मी म्हणते, टाकून गेलेला पोरगा कुठल्या तोंडानं वळेल?

तसादित : तो टाकून गेला नव्हता. फोन ठेवताना म्हणाला, ऑलिव्ह उतरवायच्या आत परत येतो, नाहीतर आई एकटीच झाडावर चढेल.

वर्दिया : ...चढलेच होते मी. फांदीवरून पडले, गुडघा सुजला.

तसादित : एवढंच बोलणं झालं आमचं.

वर्दिया : म्हणजे विचारून परत येणार होता.

तसादित : हो, खाल्ती.

वर्दिया : या चुकीपायी गेला. कोणाला सोडून नाही गेला.

हम्मूश : बसा, खाल्ती. पाणी आणू?

वर्दिया : त्या म्हाताऱ्याला विचारलं का पुढे कोणी?

तसादित : ते वारले. पण त्यांची विद्यार्थिनी आत बसलीय. म्हणून तर मला आजच सांगायचंय. तिला काही सुचलं तर सुचलं.

वर्दिया : मग हे मास्तर का अडवतायत तुला?

हम्मूश : तुमच्यासाठीच, खाल्ती. लोकांसमोर त्याचं नाव खाली येऊ नये.

वर्दिया : त्याचं नाव मी सांभाळते. जे विचारायला तो निघाला होता, ते विचारू दे तिला.

हम्मूश : ...पुरस्कार मी नंतर जाहीर करीन. आधी तू बोल, तसादित. ते पान ठेव.

तसादित : खाल्ती, मी फ्रेंचमध्ये बोलणार. वर ती सगळी चिन्हं. तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही.

वर्दिया : नाही कळलं तर नाही कळलं. तो जिथे चुकला, तिथे आलीस की फक्त माझ्याकडे बघ.