देवाची ओळ

पाळक : परत लाव.

बहीण : कितीदा ऐकशील, दादा? यंत्र आहे ते, दर वेळी तेच ऐकवणार.

पाळक : लाव म्हटलं ना. ... हं. थांब, इथेच थांब. इथे देव बोलतोय आणि आवाज अब्राहामाचा आहे. मास्तर, आपलं ठरलं काय होतं?

वाचक : देवाची ओळ आली की मी गप्प बसायचं. ओळ मनात वाचायची, तेवढी जागा मोकळी सोडायची आणि पुढे जायचं. मग शनिवारी तुम्ही येऊन त्या मोकळ्या जागा तुमच्या आवाजात भरायच्या.

पाळक : आणि ही ठमी मागून त्यात घुमारा घालणार. जग निर्माण झालं, पूर आला, ओसरला, तिथपर्यंत सगळं रीतसर झालं. मग इथेच काय झालं?

वाचक : चुकलो. देव हाक मारतो, अब्राहाम ओ देतो. त्या ओ दिलेल्या आवाजातच पुढची ओळ निघून गेली. मुलाला घे, डोंगरावर जा, तिथे त्याचा बळी दे. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

बहीण : माझ्या तेव्हाच आलं होतं. मी थांबवलं नाही.

पाळक : का?

बहीण : बरोबर वाटलं.

पाळक : ठमे, तुझ्या वाटण्यावर हे काम चालत नाही. हे बोलकं बायबल दृष्टी नसलेल्या माणसांसाठी चाललंय. त्यांच्यापुढे पान नाही, अवतरणचिन्ह नाही. ज्याचा आवाज तो माणूस, एवढाच त्यांचा हिशोब. देवाचा हुकूम अब्राहामाच्या गळ्यातून आला तर ती माणसं काय समजतील? म्हाताऱ्याच्याच डोक्यात आलं, असं समजतील.

वाचक : तशी शंका याआधीही घेतली गेलीय.

पाळक : ठाऊक आहे. तुम्ही जन्मभर पोरांना तत्त्वज्ञान शिकवलंत. म्हणून तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उच्चार तुम्ही सांभाळा, अर्थ आम्ही सांभाळतो.

वाचक : मोठ्याने वाचायला बसलं की अर्थाला बाहेर चपला काढून ठेवता येत नाही, पाळकसाहेब. तीच ओळ दरडावून म्हटली की एक देव तयार होतो, हळू म्हटली की दुसरा. मी निवडलं नाही तरी निवड होतेच.

बहीण : वाद नंतर घाला. दादा, आत जा, तुझी ओळ म्हण. मी मास्तरांच्या ओळीवर ती बसवते. चारला तुझ्या पोरीची बस आहे ना? मला स्टँडवर यायचंय तिला बघायला.

पाळक : बघायला म्हणजे काय? ती फाशी जात नाहीये. सेविकांच्या आश्रमात चाललीय.

वाचक : सुट्टीसाठी?

बहीण : कायमची. सतरा वर्षांची आहे. याला प्रार्थनेत आवाज आला, ती माझी आहे, मला दे. याने लगेच दिली. वहिनीला त्या दिवशी ती पोळ्या लाटत असताना कळवलं.

पाळक : हे बाहेरच्या माणसासमोर बोलायची गरज नव्हती.

बहीण : तू रविवारी अख्ख्या मंडळीसमोर बोललास. टाळ्या घेतल्यास. आता बाहेरचं कोण उरलं?

पाळक : माझी थट्टा कर, माझ्या देवाची करू नकोस. मास्तर, तुम्हीही मनात हसत असाल.

वाचक : हसत नाहीये. याच गोष्टीवर चांगली चांगली डोकी झिजलीत. एक म्हातारा होता, आपल्या गावाबाहेर फारसा कधी गेला नाही. त्याने लिहिलं, अब्राहामाने उलट उत्तर द्यायला हवं होतं. निरपराध मुलाला मारू नये, हे मला पक्कं माहीत आहे. तू देव आहेस, हे मला तितकं पक्कं माहीत नाही. तेव्हा माफ कर.

पाळक : असं लिहिलं त्याने? उघड?

वाचक : तळटीपेत.

बहीण : म्हणजे तोही जपूनच.

वाचक : सरकारी नोकरी होती. पण मुद्दा बिनतोड आहे. आवाज कुठून आला हे कानाला कधीच कळत नाही. काय सांगतोय एवढंच कळतं. तेव्हा सांगणं तपासावं.

पाळक : आणि तपासणार कोण? मी? म्हणजे देवाने मला पटेल तेवढंच बोलायचं, न पटलं तर मी दार लावून घेणार. तो देव राहिला का मग? घरगडी झाला. मास्तर, मी काही अडाणी नाही. माणसाच्या बुद्धीत मावेल एवढाच देव असेल तर माझी ही नोकरी फुकट आहे.

वाचक : हे तुमचं बोलणं दुसऱ्या एकाने जास्त धारदार करून ठेवलंय. तो म्हणाला, श्रद्धा नीतीच्या पलीकडे जाते. अब्राहाम मोठा, कारण तो जे करत होता ते कुणालाच समजण्यासारखं नव्हतं, त्याला स्वतःलासुद्धा.

पाळक : मग? हा माझा माणूस झाला.

वाचक : थोडं थांबा. तो पुढे म्हणतो, म्हणूनच अब्राहाम कुणाशी बोलला नाही. बायकोशी नाही, नोकरांशी नाही. बोलूच शकत नव्हता. समजावून सांगता आलं असतं तर त्यात श्रद्धा कसली? ज्याला चार लोकांत ते सांगता येतं, लोक मान डोलावतात, तो अब्राहाम नव्हे. तो आपला नेहमीचा प्रतिष्ठित गृहस्थ.

बहीण : टाळ्या घेणारा.

पाळक : ठमे, गप.

वाचक : आणि अब्राहाम थरथरत त्या डोंगराकडे गेला, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस.

बहीण : तुझे हात थरथरले का, दादा? मी प्रामाणिकपणे विचारतेय. मला दिसले नाहीत. तू तर बसचं तिकीट काढून मोकळा झालास.

पाळक : या दोघा विद्वानांना पोरंबाळं होती का?

वाचक : नाही. पहिल्याने लग्न केलं नाही. दुसऱ्याने ठरलेलं मोडलं.

पाळक : झालं तर. ज्याला मूल नाही त्याने अब्राहामाच्या मुलावर, इसहाकावर बोलू नये. बंद कर तो पंखा, मी आत जातो.

(तो आतल्या खोलीत जाऊन दार लावतो. आता त्याचं बोलणं काचेच्या अलीकडे कर्ण्यातून ऐकू येतं. इकडचं त्याला ऐकवायचं तर बहिणीला बटण दाबावं लागतं.)

बहीण : माइकला चिकटू नकोस. वीतभर लांब. हं, बोल.

पाळक : "मुलाला घे, ज्याच्यावर तुझा जीव आहे त्याला घे, आणि डोंगरावर जा."

बहीण : हे प्रवचन झालं. पाठीमागचे बाक जागे करायचे नाहीयेत. ऐकणारा एकटा आहे.

पाळक : "मुलाला घे. ज्याच्यावर तुझा जीव आहे..." नाही. हे पडलं. हे गयावया केल्यासारखं झालं.

वाचक : त्यांना विचारा, देव हे म्हणताना त्याला काय हवंय असं त्यांना वाटतं.

बहीण : तुम्हीच विचारा की. हे बटण.

वाचक : पाळकसाहेब, अर्थ तुमच्याकडे आहे म्हणालात. तेवढा सांगा, म्हणजे सूर सापडेल. मुलगा हवाय? का बापाची परीक्षा हवीय? का फक्त बघायचंय, की हा विचारतो का काही?

पाळक : आज्ञा हवीय. आज्ञेला कारण नसतं. परत घ्या. ... "मुलाला घे, ज्याच्यावर तुझा जीव आहे त्याला घे, आणि डोंगरावर जा."

वाचक : हे चांगलं होतं.

बहीण : हो.

पाळक : मग ठेव. पुढची ओळ काढ.

बहीण : ठेवते. त्याआधी ऐक एकदा.

पाळक : मला माझा आवाज माहीत आहे.

बहीण : ऐक.

पाळक : ... पुन्हा लाव. ... हा घोगरेपणा कसला आलाय? तू काही घातलंस का त्यात?

बहीण : अजून काही घातलं नाही. कोरा आहे.

पाळक : हे बाबांसारखं वाटतंय.

बहीण : बाबांसारखं नाही, बाबाच आहेत. "त्याला घे" म्हणताना शेवटी खाली जाणं, अगदी तसंच. ते जेवायला हाक मारायचे तशीच.

वाचक : तुमचे वडील...

बहीण : तेही पाळक होते. यालाही आठव्या वर्षी असाच दिला, मिशनच्या वसतिगृहात. बाबांना परसात तोंड धुताना आवाज आला होता. आमच्या घराण्यात देव सकाळी बोलतो, कामाच्या आधी.

पाळक : मला ऐकू येतंय. बटण दाबून ठेवलंयस तू.

बहीण : मुद्दाम दाबलंय. आता हेही ऐक. बाबांच्या शेवटच्या दिवसांत रात्रपाळी माझी होती. एकदा मला म्हणाले, "ठमे, तेव्हा मला नक्की ऐकू आलं होतं ना गं?" मी चार वर्षांची होते तेव्हा. मी काय सांगणार, बाबा, म्हटलं. तर म्हणाले, "नाही, तू घरात होतीस म्हणून विचारलं."

पाळक : कधी म्हणाले हे?

बहीण : गेले त्याच्या आदल्या आठवड्यात.

पाळक : मला सांगितलं नाहीस.

बहीण : तू त्यांच्या अंत्यविधीला अब्राहामावर बोललास. किती सुंदर बोललास म्हणून लोक रडत होते. कुठे सांगायचं होतं? मातीपाशी?

पाळक : त्यांनी मला विचारायला हवं होतं. तुला काय माहीत असणार?

बहीण : तुला विचारायची त्यांची छाती नव्हती, दादा.

पाळक : मी वाईट माणूस झालो का? तिथे जाऊन? सांग ना. मी शिकलो. चार गावं मला मानतात. रात्री दार वाजलं तर उठतो मी. हे सगळं खोट्या आवाजावर उभं आहे, असं तुझं म्हणणं?

बहीण : माझं काही म्हणणं नाही. मी आवाज मुद्रित करते. तू वाईट झाला नाहीस. तू घरी आलास की पाहुण्यासारखा बसायचास, एवढंच. आई तुला चांगल्या कपात चहा द्यायची.

वाचक : पाळकसाहेब, मी बाहेरचा माणूस. पण दोघांचंच सांगून गप्प बसलो तर अर्धवट होईल. तिसराही एक आहे.

पाळक : त्यालाही मूल नसेल.

वाचक : होतं. मुलगी आणि मुलगा दोन्ही. आणि त्याचे आईबाप, भाऊ महायुद्धात मारले गेले होते, नुसते वंशावरून. बळी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो त्या दुसऱ्या विद्वानावर चिडला. म्हणाला, तुम्ही सगळे पहिल्या हुकमावरच अडकलात. हुकूम पाळणारे पायलीला पन्नास मिळतात, त्यात कसलं मोठेपण? सुरी उचललेली आहे, हात खाली यायचा बाकी आहे, तेव्हासुद्धा या माणसाचे कान उघडे होते. थांब म्हणणारा दुसरा आवाज त्याला ऐकू आला. गोष्टीचा कळस तो.

पाळक : दुसरा आवाज देवाचा नाही तिथे. दूताचा आहे.

वाचक : हो. तरी ऐकला. देवाने स्वतः सांगितलंय, तू कोण मधे बोलणारा, असं म्हणाला नाही. तुमच्याच पुस्तकात आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही.

पाळक : माझ्याकडे कुणी दूत आलेला नाही, मास्तर. मी आठ दिवस गुडघे टेकून बसलो होतो. काही ऐकू आलं नाही. आलं असतं तर थांबलो असतो, तुम्हाला खोटं वाटेल.

बहीण : पोरगी काय म्हणाली?

पाळक : काही नाही. गुणी आहे ती.

बहीण : काहीच नाही? कपडे भरताना, जेवताना?

पाळक : नाही. म्हणजे एवढंच विचारलं, तिकडे गणित शिकवतात का.

बहीण : आणि तू?

पाळक : देव बघेल म्हणालो.

वाचक : डोंगर चढताना अब्राहामही मुलाला हेच म्हणतो.

बहीण : मास्तर, पाणी घ्या.

पाळक : ठमे.

बहीण : बोल.

पाळक : माझा फोन बाहेर टेबलावर राहिलाय, पोरीला लावायचाय. आत दे.

बहीण : हे घे. बाहेर ये ना, इथे बोल. तिथे कोंदटलंय.

पाळक : इथेच बरंय. इथे बाहेरचं काही ऐकू येत नाही. दार लाव. आणि तो माइक बंद कर.

बहीण : केला.

वाचक : त्यांच्या ओळीचं काय करायचं आता? आणि माझ्या?

बहीण : दोन्ही काढते. जागा मोकळी ठेवते. शनिवार काय, परत येतोच.

वाचक : काय म्हणताहेत ते?

बहीण : कळत नाही. ओठ हलत नाहीयेत.

वाचक : फोन लागला नसेल.

बहीण : लागलाय. ऐकतोय तो.