रोममध्ये पाया पडलो

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. माझी शाळा आठवीतच सुटली. ताई-भाऊजींनी आम्हा मायलेकांना मोहाडीहून रोम, व्हेनिस दाखवायला नेलं. रोममध्ये एका म्हातारीच्या घरी उतरलो. आई म्हणाली, "पाया पड ना बाबू, लाजून काहून राहिला?"

मी वाकलो. म्हातारीला वाटलं, माझं काहीतरी पडलं. तीही वाकली, डोक्याला डोकं आपटलं. मग ती टॉर्च आणून पलंगाखाली शोधू लागली. समजावून सांगायची लाज वाटली, म्हणून मीही शोधू लागलो.

"आता काही सापडू दे ना बाप्पा, भूक लागली मले!" आई म्हणाली.

मी गुपचूप शर्टाची गुंडी तोडून दाखवली. म्हातारीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुईदोरा आणून ती गुंडी लावून दिली. या वेळी मी लांबूनच हात जोडले.