नव्या लेथचं तोंड

तुम्ही नव्या मिक्सरची पूजा केली म्हणालात, त्यावरून आठवलं. माझ्या मिस्टरांनी लाकूड कातायला नवं लेथ मशीन आणलं होतं. पूजा झाली, दोन दिवस ते छान चाललं आणि तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तरी ढिम्म हलेना. रविवारी कुरुंदवाडला बारसं होतं आणि तिथल्या पाळण्याचे चार खांब अजून कातायचे होते.

वायरमन बाबूराव आले. त्यांनी फ्यूज बघितला, वायर बघितली, मोटर तपासली.

"समदं ठीक हाय की. मग चालंना कसं?"

"उद्या मशीन दुकानात परत धाडतो," हे म्हणाले.

मी चहा घेऊन गेले, तर मुंग्यांची रांग बटणाच्या फटीत शिरताना दिसली. मी विचारलं, "भाऊजी, मुंग्या करंट खातात व्हय?"

दोघंही हसले. पण बाबूरावांनी मेन स्विच बंद करून बटणाची डबी उघडली. आत मुंग्यांचा थर होता आणि काहीतरी चिकट. त्यांनी वास घेतला.

"पेढा हाय ह्यो."

हे माझ्याकडे बघायला लागले.

"पूजेच्या दिवशी भरवला," मी म्हणाले. "मशीनचं तोंड कुठलं, मला काय ठाऊक? जिथनं सुरू होतं, तेच तोंड असं धरलं."

डबी पुसली, मशीन सुरू झालं आणि पाळणा शनिवारीच गेला. पुढच्या खंडेनवमीला मी पेढा घेऊन गेले, तर यांनी मशीनच्या पार दुसऱ्या टोकाला खडूनं गोल काढून ठेवला होता.

"तोंड हितं हाय," म्हणाले.