उलटं ठेवलं की चालणारं मशीन

माझा जन्म सोनगीरचा. किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं घर, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, आणि मी, काय सांगू तुम्हाला, लहानपणापासून घुमा. घुमा म्हणजे बोलायचंच नाही. आई म्हणायची, या पोरले तोंड शे का नही? बाकीची भावंडं गलका करायची आणि मी कोपऱ्यात बसून बॅटरीचे संपलेले सेल दाताने चावायचो, चावले की त्यांच्यात थोडा जीव येतो म्हणायचे. मग धुळ्याला एका रेडिओवाल्याकडे काम शिकलो, ते मला बरं पडलं, रेडिओ स्वतःच बोलतो, आपल्याला बोलावं लागत नाही. लग्न झालं तसा इकडे अमळनेरला आलो, दुकान टाकलं. रेडिओ गेले, टेप आले, टेप गेले, सीडीचे डेक आले, तेही गेले, आता मोबाईल, आणि मोबाईलला माझे डोळे पुरत नाहीत. दुकान अजून उघडतो. आज तुम्ही हा डेक घेऊन आले, त्याच्या आधी परवा एक जण आला होता, तो नुसता पत्ता विचारायला.

तर एक मशीन होतं, त्याचं सांगतो. शिरपूरचं एक गिऱ्हाईक होतं, त्याच्या भावाने दुबईहून गेमचं मशीन आणलेलं, टीव्हीला जोडायचं, वरचं गोल झाकण उघडून आत सीडी टाकायची. सीडी फिरे पण गेम येईना, आतलं भिंग नुसतं टकटक करे. तो ठेवून गेला तो आलाच नाही, निरोप पाठवला तं म्हणे पोरं होस्टेलला गेली, आता तुम्हीच ठेवा. मग मी घरी नेलं. माझी रूपाली तेव्हा दहा वर्षांची, एकच लेकरू आम्हाला. उघडून पाहिलं तं भिंग ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर सरकतं ती पट्टी एका बाजूने झिजलेली, त्यामुळे भिंग कलायचं, त्याला सीडी वाचताच येईना. नवी पट्टी कुठून आणू? पण मशीन उलटं केलं, झाकण खाली आणि बूड वर, तं भिंग आपोआप सीडीकडे झुकलं आणि गेम सुरू! रूपालीने टाळ्या वाजवल्या. मग रोज संध्याकाळी दुकानातून आलो की आम्ही दोघं बसायचो, गाड्यांची शर्यत, एक रिमोट तिच्या हातात, एक माझ्या. तिची आई बाजूला देवाच्या वाती वळत बसायची आणि म्हणायची, आहो, पोरसंगे दोन शब्द बोला, नुसतं काय ते घर्रघर्र. मी म्हणायचो, बोलतोय ना. बोलत काय होतो, डावीकडे वळ, ब्रेक दाब, एवढंच.

पुढे रूपालीचं लग्न झालं, ती सुरतेला गेली. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. तेव्हापासून एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं. स्वयंपाक येतो मला, भाकरीही येते, पण ताट वाढून घेतलं की जेवायची इच्छाच जाते.

आता आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते म्हणजे येतेच, दिवाळीला नाही आली तं चालतं. गल्लीत लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. आई गेल्यापासून रूपाली एकाही आखाजीला आली नाही. कधी पोरांची शाळा, कधी सासूची तब्येत. लोक म्हणतात आई नाही तं माहेर नाही. आणि हे माझ्यासमोर म्हणतात, मी तिथंच उभा असतो.

यंदा मी फोन केला. म्हणायचं होतं, बेटा, ये, घर खायला उठतं. ते काही निघेना. तोंडातून निघालं काय, तं तुझं ते गेमचं मशीन दुरुस्त करून ठेवतोय, आखाजीला ये. ती म्हणे, बरं आबा, येते. आता झाली ना पंचाईत, मशीन तं दहा-बारा वर्षं माळ्यावर पडेल होतं!

काढलं तं उलटं ठेवूनही चालेना. भिंगावर धूळ बसलेली. दुकानात मी भिंग पुसायला मेडिकलचा कापूस वापरतो, स्पिरिट लावून, पहिल्यापासूनची शिस्त. पण हे घरी होतं, आणि समोर देव्हाऱ्याजवळ तिच्या आईची वातींची टोपली. तिच्या माहेरच्या शेतातला कापूस, हाताने सरकी काढून तिने भरून ठेवलेला, मी त्याला हात लावला नव्हता. मनात आलं, पोरीचं काम आहे, तिच्या आईचा हात लागू द्या. आणि त्याच कापसाने पुसलं. आपल्याकडे तेच ना, बोट कापलं तं घरचा कापूस, कान दुखला तं घरचा कापूस. पण कच्च्या कापसाला अंगचं मेण असतं, ते स्पिरिटमध्ये सुटलं आणि भिंगावर साय धरली, आणि सरकीचं एक बारीक टरफल राहून गेलेलं, त्याने मधोमध चरा पडला. जिनिंगच्या हमालाचा पोरगा मी, आणि मला हे कळू नये? तिथंच खाली बसलो. आखाजीला आठ दिवस उरलेले.

मग जळगावला गेलो, भंगारवाल्यांकडे फिरलो, रेल्वेने जा, रेल्वेने ये, ऊन असं की चपलेतून चटका बसे. तिसऱ्या खेपेला त्याच जातीचं मशीन सापडलं, आतून जळालेलं, पण भिंग आणि पट्टी दोन्ही साबूत. आणलं, बसवलं. भिंगाच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, उजेड कमी-जास्त करायला, तो केसभर फिरवायचा, केसभर म्हणजे केसभरच, जास्त फिरला की भिंग कामातून गेलं. श्वास धरून फिरवला. सीडी टाकली, टकटक नाही, काही नाही, आणि पडद्यावर गाड्या उभ्या राहिल्या. मशीन सरळ ठेवलेलं, बरं का! शेजारच्या अक्कांना हाक मारून दाखवलं. त्या म्हणे, मशीनचं बठ्ठं ठीक शे भाऊ, पन पोर येई तं खाई काय? ते माझ्या डोक्यातच नव्हतं. मांडे मग अक्कांनीच करायचे ठरले.

रूपाली आली. एकटीच आली, पोरं तिकडे ठेवून. पाणी प्यायली नाही तोच मी रिमोट हातात दिला. दोन शर्यती झाल्या, तिसरी निम्मी झाली आणि तिने रिमोट खाली ठेवला. म्हणे, आबा, एक सांगू? मला हा खेळ कधी आवडलाच नाही. तुम्ही फक्त तेवढा वेळ माझ्याशी बोलायचे, म्हणून मी बसायची. आता ते बंद करा आणि नुसतं बोला ना.

मी बंद केलं. काय सांगू तुम्हाला, साठी उलटलेला माणूस, आणि बोललो काय. म्हटलं, गाडीला गर्दी होती का? ती म्हणे, होती. म्हटलं, ऊन फार आहे यंदा. ती म्हणे, हो ना. मग ती वाट पाहत बसली, माझ्याकडे बघत. माझ्या पोटात एवढं होतं, तिच्या आईचं, घराचं, माझं, आणि मी रिमोटच्या वायरी गुंडाळत बसलो. शेवटी ती उठली आणि अक्कांकडे मांड्यांना हात लावायला गेली. दोन दिवस राहिली, झोक्यावर बसली, बायकांमध्ये हसली. जाताना पाया पडली तं डोळे भरलेले होते. मी डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, डबा नीट धर, रस सांडेल.

आता रविवारी फोन येतो. मी सकाळपासून ठरवतो, आज हे बोलू, ते बोलू, आणि फोन आला की, जेवलीस का, बरी आहेस का, ठेवू का. आणि तुम्ही, तुमची ओळख ना पाळख, डेक दाखवायला आले, सहज विचारलं धंदा कसा चाललाय, तं मी तासभर बोलतोय, तुम्ही लिहून घेताय. हेच, अगदी हेच तिला सांगायचं होतं. एक करा, लिहून झालं की एक प्रत मला द्या, पोस्टाने सुरतेला पाठवतो. तिला वाचून तरी कळेल. सुखी राहो माझी पोरगी, आणि तुम्हालाही देव सुखी ठेवो.