एका मेलला एक भागाकार

दवाखान्यात मी लेकीला घेऊन नंबरची वाट बघत बसले होते. शेजारच्या आजींच्या हातून थर्मासचं झाकण टणकन पडलं, आणि आजोबांनी ते उचलता उचलता तोंड उघडलं.

"पोरीनं बापाच्या वाटेत गणित ठेवलंय गं. आधी भागाकार सोडवा, मगच मेल तिच्यापर्यंत जातो."

"बापाच्याच नाही, सगळ्यांच्या. जाहिरातवाल्यांची तर बोलतीच बंद झालीय म्हणे. फुकट टाकता येतो म्हणूनच लोक कचरा टाकतात, असं ती म्हणते."

"म्हणजे माझे सुविचार कचरा?"

"रोज ढीगभर पाठवल्यावर काय डोक्यावर घेऊन नाचेल? उघडायचीच बंद झाली होती ती तुमचे मेल."

"म्हणून तर काल एकच पाठवला. भागाकार दोनदा चुकला."

"आणि एवढा घाम गाळून सुविचार कुठला धाडलात?"

"एवढ्या मेहनतीचा सुविचार कशाला? लिहिलं, तुझ्या आईचा गुडघा सुजलाय, ती कुणाला सांगत नाही. तू ये."

"अहो! मग? वाचलं तिनं?"

"शनिवारी येतेय."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तू बोलू देशील तेव्हा ना!"

माझी लेक मांडीवर बसून कान टवकारून ऐकत होती. तिनं माझी हनुवटी स्वतःकडे वळवली.

"आई, बाबा आपल्याला काहीच लिहीत नाहीत. त्यांना भागाकार येत नाही का गं?"