एक शार्प, दोघी फ्लूटवाल्या

...नाही, पण मला सांगा, कॉम्प्युटरवर सगळं बरोबर वाजत होतं, तर माणसाने आणखी तपासायचं तरी काय? कान देऊन ऐकलं होतं हो मी!

तुम्हाला सांगते, आमच्या ऑर्केस्ट्राचे वाजवायच्या सुरांचे कागद मी कॉम्प्युटरवर उतरवते. त्यात फ्लूटवाल्या दोघी, एक पहिली आणि दुसरी माझी थोरली जाऊ. दोघींत मिळून एक स्टँड, एक कागद; सुराच्या ठिपक्याला काडी वर असली तर तो पहिलीचा, खाली असली तर जाऊबाईंचा. आता ते शार्पचं चिन्ह असतं ना, जाळीसारखं, ते लागलं की सूर अर्धी पायरी वर चढतो. कॉम्प्युटर ते दोघींनाही वेगवेगळं लावत होता, आणि मला मेलीला ती गिचमिड वाटली! म्हटलं, शेजारी शेजारी तर बसतात, पहिलीचं बघून दुसरी वाजवेल... आणि जाऊबाईंची चिन्हं टाकली लपवून. लपवली हं, पुसली नाहीत! म्हणून तर कॉम्प्युटरवर बरोबर वाजत होतं!

आणि नेमकं पान कोणी उलटायचं यावरून दोघींचं बिनसलं. पहिली म्हणते, "मी इथे पानं उलटायला येत नाही!" जाऊबाई म्हणतात, "मग मी काय तुमची मोलकरीण?" झालं! स्टँड वेगळे, कागद वेगळे. मी पहिलीचे सूर काढले, उरले ते जाऊबाईंचे म्हणून छापले. ऐकून पाहिलं? पाहिलं की! कॉम्प्युटरवर बरोबर वाजत होतं!

तालमीत संथ भाग आला, सगळे गप्प, नुसते दोन फ्लूट... आणि अहो, दारात बोट चेमटावं तसा आवाज! ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या सरांनी छडी आपटली. "दुसरा फ्लूट, लिहिलंय ते वाजवा!"

"तेच वाजवतेय, सर."

पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच! सर म्हणाले, "बाई, जमत नसेल तर कार्यक्रमाला मी दुसरं कोणी बसवतो."

जाऊबाईंनी फ्लूट मांडीवर ठेवला. मान खाली. आणि मी कुठे? कपाटामागे, कागद लावायचं नाटक करत! जिने शब्द टाकून मला हे काम मिळवून दिलं, तिची चारचौघांत ही शोभा... तेवढ्यात पहिली वाकली, जाऊबाईंच्या कागदात डोकावली आणि ओरडली, "अहो सर, हिच्या कागदावर शार्पच नाही!"

सगळ्या माना कपाटाकडे! बाहेर आले, आणि तोंडातून काय निघावं? "कॉम्प्युटरवर तर बरोबर वाजत होतं हो..."

"मग खुर्चीवर त्यालाच बसवा!" जाऊबाई म्हणाल्या. सगळे हसले. मग खालमानेने सांगितलं, "मीच लपवलं, सर. कागद नीटनेटका दिसावा म्हणून." वर बघायची सोय नव्हती हो... मेल्याहून मेल्यासारखं झालं!

जाऊबाईंची खुर्ची वाचली. मी सगळी चिन्हं उघडी केली, वेगवेगळे कागद नव्याने छापून नेले, तर दोघी पुन्हा एका स्टँडवर! जुना कागद मध्ये, पान कधी ही उलटते, कधी ती, मधल्या सुट्टीत डबासुद्धा एकत्र! आता यांचं जमवलं कोणी? मीच ना? पण सांगू कोणाला... दोघी माझ्याशी बोलतच नाहीत!